उशीतला कापूस

आमच्या घरात समई नव्हती, निरांजन नव्हतं. देव्हारा म्हणाल तर टीव्हीच्या वरच्या फळीवर बुद्धाची एक पितळी मूर्ती आणि पौर्णिमेला तिच्यापुढे लावायची मेणबत्ती, बस्स. तरी माझी आई वाती वळायची. सिंगापूरच्या यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पाय दुमडून बसायची, मांडीवर कापूस ठेवायची आणि तळव्यानं लोळवत लोळवत हातभर, दोन हात, कधी पार बेडरूमच्या दारापर्यंत पोचेल एवढी लांब वात करायची. मग ती गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. डबा भरला की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात साहेब टाकून बोलला, मला गणितात कमी पडले, गावाकडून कुणाच्या लग्नाची बातमी आली, की कापूस बाहेर निघालाच म्हणून समजा. त्या वेळी मी आणि बाबा तिच्या वाटेला जात नसू. आपापल्या ताटल्या घासून ठेवायच्या आणि टीव्हीचा आवाज कमी करायचा, एवढं शहाणपण आम्हाला होतं.

एरवी घर अजिबात शांत नव्हतं. खिडकीखालून एमआरटी, म्हणजे इथली लोकल, जायची ती आमच्या भांड्यांना हलवून जायची. शेजारची चिनी आजी बांबूवर कपडे घालून तो बांबू खिडकीबाहेरच्या नळीत खुपसायची, त्याची खडखड. आणि स्वयंपाकघरात तर एका शेगडीवर दोन मुलूख भांडत असत. आई रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, बाबा यवतमाळकडचे. तिला कुळथाचं पिठलं आणि बांगड्याचं तिखलं हवं, त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा. सेरांगून रोडवरच्या भारतीय दुकानांतून दर रविवारी ज्वारीचं पीठ यायचं आणि यिशुनच्या मार्केटातून बांगडे. बाबा पाणी शुद्ध करण्याच्या प्रयोगशाळेत संशोधक होते. माशाचा एक काटा काढायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात आईचं जेवण आटोपून हात धुऊन व्हायचे. "एवढ्या मेहनतीत आमच्याकडं माणूस विहीर खणते," असं ते म्हणायचे आणि तरी ताटातला बांगडा संपवायचे. मी दोन्ही खाऊन वाढले. शाळेत कँटीनचे नूडल्स खायचे ते वेगळेच.

बाबांची एक उशी होती. त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, ते परदेशी निघाले तेव्हा आपल्या शेतातल्या कापसाची शिवून दिलेली, निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. दगड तिच्यापेक्षा मऊ असेल. आई म्हणायची, ही डोक्याखाली घेण्यापेक्षा भिंतीला टेकून झोप. पण कुठं दोन दिवस जायचं असलं तरी बाबा ती बॅगेत कोंबायचे, आणि कस्टमवाल्यानं एकदा ती दाबून दाबून पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांच्या आईच्याच पोटावर हात ठेवलाय. आजी गेल्यावर तर त्या उशीबद्दल आईनंही चेष्टा करणं सोडून दिलं. अभ्रा मात्र ती दर आठवड्याला न चुकता बदलायची.

आता त्या दोघांच्या लग्नाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुण्यात शिकताना त्यांचं जमलं. आई बाबांना घेऊन आपल्या गावी गेली. तिचे वडील, ज्यांना ती अण्णा म्हणायची, लाकडी होड्या आणि मचवे बांधणारे सुतार होते. खाडीच्या काठाला त्यांची मांडवासारखी मोठी शेड होती आणि आई त्या शेडमध्ये लहानाची मोठी झालेली. आईची आई आधीच वारलेली. अण्णांनी बाबांना नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "पोहता येतं?" बाबांच्या गावात नदी पावसाळ्यापुरती. ते खरं बोलले, नाही येत. "मग खाडीकाठची पोर तुम्हाला कशी देऊ?" असं म्हणून अण्णा पुन्हा रंधा मारायला लागले. गावातल्या निम्म्या जावयांना पोहता येत नव्हतं. ते मुंबईच्या गिरण्यांत आणि बँकांत होते आणि त्यांना कुणी कधी पाण्यात उतरवून पाहिलं नव्हतं. बाबा बौद्ध, हे खरं कारण. शेडमधल्या सगळ्यांना ते कळलं, बाबांना तर आधीपासूनच ठाऊक होतं. अण्णांना ते तोंडानं म्हणायची लाज वाटली असेल, म्हणून पोहणं पुढे केलं, असं मी आज म्हणते. लाज वाटली हेही काही कमी नाही, असं बाबा म्हणायचे. मला मात्र ते कमीच वाटतं, अजूनही.

आई त्याच पावली निघाली. जाताना तिनं सांगितलं की ज्या दिवशी तुम्ही माझ्या नवऱ्याची चौकशी कराल त्या दिवशी मी तुमच्याशी बोलेन. तिकडून चौकशी आली नाही आणि इकडून फोन गेला नाही. एक चुलतभाऊ अधूनमधून खुशाली कळवायचा, म्हणून आजोबा आहेत, अजून रोज शेडमध्ये जाऊन बसतात, आता हात थरथरतात, एवढं आम्हाला माहीत. मी त्यांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. आणि गंमत बघा, यिशुनच्या स्विमिंग पूलमध्ये लहान मुलांच्या रांगेत, हातात फोमची फळी धरून, माझे चष्मेवाले बाबा पोहायला शिकले. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आजासाठी नाही गं पोट्टे. इथं चहूकडं पाणीच पाणी हाये, म्हणून." मी विश्वास ठेवला. आता निम्माच ठेवते.

आमच्या ब्लॉकच्या मागे एक कनाल होता. सिंगापूरभर असे कनाल आहेत, पावसाचं पाणी वाहून नेणारे. आज त्यांच्या काठांनी सायकलचे रस्ते आणि बाकं आहेत, तेव्हा नुसतं गवत आणि काँक्रीट. हा कनाल उत्तरेला समुद्राला मिळायचा, आणि तिथं काठावर उंडीची झाडं होती. कोकणात उंडीच्या बियांचं तेल काढून होडीच्या फळ्यांना चोळतात. सिंगापूरच्या लोकांना ते नुसतं सावलीचं झाड. आई रविवारी मला घेऊन तिकडे जायची आणि पिशवीभर उंड्या गोळा करून आणायची. त्यांचं ती काहीही करत नसे. बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये त्या किचनच्या खिडकीत वाळत पडायच्या आणि बाबा म्हणायचे, बायकोनं तेलाचा घाणा घालायचं मनावर घेतलंय.

अशाच एका रविवारी उंड्या वेचता वेचता आई थांबली. झाडांपलीकडून टकटक येत होती. लाकडावर लाकूड, एका चालीनं, मध्येच आवाज जरा भरीव व्हायचा आणि मग हात पुढे सरकायचा. मी म्हटलं, कुणीतरी घर दुरुस्त करतंय. आई म्हणाली, "नाही. फटी भरतोय." आणि पिशवी तिथंच टाकून ती आवाजाच्या दिशेनं निघाली. पत्र्याची एक शेड होती, कनालच्या तोंडाशी, मागे पाणी. आत ठोकळ्यांवर एक लाकडी होडी बसवलेली आणि तिच्या बाजूला लुंगीसारखा सरोंग नेसलेला एक मलय म्हातारा. आईनं दारात चपला काढल्या. अण्णांच्या शेडमध्ये बांधून होत असलेल्या होडीजवळ कुणी चपला घालून जात नसे, हे मला नंतर कळलं. म्हाताऱ्यानं तिच्या पायांकडे पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायांकडे, आणि हसून आम्हाला आत बोलावलं. तिथं खोबरेलाचा, राळेचा आणि ओल्या भुश्श्याचा वास होता. आईनं असा खोल श्वास घेतला की मला वाटलं तिला रडू येतंय. आणि आलंच.

त्यांना मी पाकचिक म्हणायला लागले. मलयमध्ये काकांना तसं म्हणतात. त्यांची शेड काही महिन्यांत रिकामी करायची होती, तिथं नवीन घरं यायची होती. ही त्यांची शेवटची होडी. समोरच्या बेटावर बहीण राहत होती. मोठ्या भरतीला होडी पाण्यात उतरवायची, तिच्यातूनच तिकडे जायचं आणि तिकडेच राहायचं, असा त्यांचा बेत होता. अडचण एकच होती. दोन फळ्यांमधल्या फटीत ते आयुष्यभर गेलाम नावाच्या झाडाची साल ठासत आले. ती कागदासारखी पदरापदरानं सुटते. पण आता ती झाडं बागांमधून उभी होती, त्यांना हात लावायची सोय नव्हती, आणि पाकचिकांकडची साल संपत आली होती. हे सगळं त्यांनी निम्मं मलय, निम्मं इंग्लिश असं सांगितलं. आईनं होडीच्या अंगावरून हात फिरवला, फटीत नख घालून पाहिलं, आणि म्हणाली की आमच्याकडे कापूस घालतात. कापसाच्या दोऱ्या शेडमधल्या बायका वळायच्या. मी वळलेल्या आहेत.

तेव्हा मला बिस्किटांच्या डब्याचा उलगडा झाला. त्या देवापुढच्या वाती नव्हत्याच. ती बाई इतकी वर्षं सोफ्यावर बसून होडीच्या फटी बुजवत होती.

मग काय, आमच्या घराला बहर आला. औषधांच्या दुकानातून दवाखान्यात वापरतात त्या कापसाचे गुंडाळे आले, पांढरेशुभ्र, पुठ्ठ्याच्या खोक्यातले. संध्याकाळी आई वळायची, मला वळायला शिकवायची. माझी दोरी मध्येच जाड मध्येच बारीक व्हायची, तिला ती अजगरानं ससा गिळलाय म्हणायची. बाबा भाकऱ्या थापायचे, नकाशे थापायचे म्हणा हवं तर. शनिवार-रविवार आम्ही शेडमध्ये. आई दोरी फटीवर धरायची, पाकचिक बोथट छिन्नी आणि लाकडी हातोड्यानं ती आत ठासायचे, आणि आवाज भरीव झाला की दोघं एकदमच मान डोलवायचे. वरून राळ आणि तेलाचा लेप. आई त्या दिवसांत गायची. तिला गाता येतं हेच मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर येतही नव्हतं.

होडी पाण्यात उतरवून बघायचा दिवस आला. पाकचिकांनी बिस्मिल्ला म्हटलं, आईनं नारळ फोडला, दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. होडी छान तरंगली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि थोड्या वेळानं तळाशी पाणी चमकायला लागलं. एका जागी नाही, सगळ्या शिवणींतून, घाम यावा तसं. पाकचिकांनी वाकून बोटानं पाणी चाखलं, खारट, आणि दोर ओढायला घेतला. होडी पुन्हा ठोकळ्यांवर आली. आईला ते एक शब्दही टाकून बोलले नाहीत. उलट चहा करून दिला, कंडेन्स्ड मिल्कचा, गोडमिट्ट. मोठी भरती जवळ आली होती. तोवर होडी सुकी झाली नाही तर ती तोडून टाकावी लागेल, हे त्यांनी आम्हाला नाही सांगितलं, पण शेडच्या दारावर चिकटवलेली, शेड रिकामी करायच्या तारखेची नोटीस मला वाचता येत होती.

घरी आल्यावर आईनं कापूसही काढला नाही, ही मोठीच वाईट खूण. दोन दिवस ती जेवली न जेवली. काय चुकलं तेच तिला कळत नव्हतं. वळणं बरोबर, ठासणं बरोबर, लेप बरोबर. म्हाताऱ्यानं आपल्यावर भरवसा ठेवला आणि आपण त्याची शेवटची होडी बुडवली, असं सारखं म्हणत राहिली. शेवटी तिसऱ्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ज्याला माहीत हाये असा एक माणूस हाये ना."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांनी अजून तुझी चौकशी केलेली नाही."

"नाही केली तर नाही केली. मी काही बुडून राहिलो नाही. होडी बुडून राहिली."

सेरांगून रोडवरून आणलेलं फोनचं कार्ड ड्रॉवरमध्ये होतं. आईला नंबर पाठ होता, कधीही न लावलेला नंबर. तिनं स्पीकर चालू केला. का ते मला माहीत नाही, बहुधा एकटीनं ऐकायचा धीर नसेल. तिकडे रिंग वाजत राहिली, मग कुणीतरी उचललं आणि खोकलं. आईनं आपण कोण ते सांगितलं नाही, कसे आहोत ते सांगितलं नाही. म्हणाली, "अण्णा, फटींतून पाणी येतंय."

  तिकडून आवाज आला, खरखरीत, अगदी ओट्याशी उभं राहून बोलल्यासारखा.

"कापूस कसला घातलास?"

"दुकानातला. दवाखान्याचा."

"पांढराशुभ्र?"

"हो."

"अगो, तो जखमेला. जखमेची ओल शोषून घ्यायला त्याचं तेल सगळं धुऊन काढलेलं असतं. होडीला ओल पिणारा कापूस घालून कसं चालेल? कच्चा लागतो, मळका, अंगचं तेल असलेला. वऱ्हाडातून गाठी यायच्या आपल्याकडे. विसरलीस?"

आई म्हणाली, विसरले नाही. पण खरं म्हणजे विसरली होती. शेडमध्ये कापूस असायचाच, तो कुठून येतो हे पोरीबाळींना कोण सांगणार? अण्णांनी विचारलं, तिकडं मिळेल का तसला. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा उठून आत गेले होते आणि उशी काखेत घेऊन दारात उभे होते.

"घरात आहे," आई म्हणाली. "ह्यांच्या आईनं दिलेल्या उशीत." घरात ती बाबांना अरे-तुरे करायची. वडिलांशी बोलताना 'हे' झाले.

 मग अण्णा म्हणाले की जुना असेल, ऊन दाखव, पिंजून घे, आणि होडी उतरली की कळव. फोन ठेवला. आई म्हणाली, "नाहीच विचारलं." बाबा उशीची शिवण ब्लेडनं उसवत खाली बसले होते. म्हणाले, "कापसाचं विचारलं ना. तो माझाच हाये."

ती शिवण त्यांच्या आईच्या हातची होती. ती उसवताना बाबांचे हात कसे चालले होते ते मला आजही दिसतं. एकेक टाका वेगळा उचलून, जणू त्याला दुखेल. आतून कापूस निघाला तो पिवळट, गठ्ठा झालेला, मध्येमध्ये सरकीचं कवच आणि वाळक्या पानाचा चुरा. बाबांनी तो नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ खाली घेतला नाही. मी म्हटलं, बाबा, नको देऊया. ते म्हणाले, "माय असती तर तिनंच उसवून दिली असती. माणसाची होडी हाये बाप्पा." तेव्हा मी रडले, आई रडली, आणि बाबा आमच्या दोघींवर चिडले की अश्रू पडले तर कापूस ओला होईल. उशीची ती निळ्या पट्ट्यांची रिकामी खोळ आज माझ्या कपाटात आहे. पाया लेबार भागातल्या ऑफिसातून दमून आले की कधीतरी मी ती काढून बघते. माझी लेक सिंगापुरी इंग्लिशमध्ये म्हणते, "ममी, जस्ट थ्रो लाह, सो ओल्ड आल्रेडी." तिच्यासाठीच हे लिहितेय, मराठीत लिहिलंय म्हणून तिला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, पण लागू दे.

आठवडाभर आम्ही तिघांनी कापूस पिंजला. फ्लॅटभर तो उडत होता, डाळीत होता, बुद्धाच्या डोक्यावर होता. सगळ्या शिवणी उकरून पुन्हा भरल्या. ह्या वेळी ठासताना आवाज लवकर भरीव व्हायचा. पाकचिकांनी भुवया वर करून आईकडे बघितलं, आईनं बाबांकडे. मोठ्या भरतीच्या आदल्या दिवशी होडी पाण्यात सोडली. सकाळी आम्ही धावत गेलो तर पाकचिक होडीच्या तळाशी चक्क झोपले होते, आणि त्यांचा सरोंग कोरडा होता. त्यांनी आम्हाला कनालच्या तोंडापासून समुद्राच्या कडेपर्यंत एक फेरी मारून आणली. मग ते बेटाकडे निघाले. होडी लहान होत होत दिसेनाशी होईपर्यंत बाबा हात हलवत होते. नव्या फोमच्या उशीनं त्यांची मान अवघडली होती, म्हणून दुसऱ्या हातानं मान धरून.

त्याच दुपारी आईनं फोन लावला. पुन्हा स्पीकरवर. "अण्णा, कोरडी आहे."

अण्णांनी सगळं विचारून घेतलं. लाकूड कुठलं, लांबी किती, राळेत तेल कुठलं घातलं, उंडीचं का नाही घातलं, तिकडं उंडी होत नाही काय? आई शाळेतल्यासारखी उत्तरं देत होती. लोक मला म्हणाले आहेत, एवढ्यावर तुम्ही लोकांनी तुझ्या आजोबांना सोडून दिलंत? माझ्या हातात असतं तर सोडलं नसतं. पण होडी माझी नव्हती, कापूस माझा नव्हता, आणि अपमानही माझा नव्हता. ज्यांचा होता ते टेबलाशी बसून ठेच्याबरोबर भाकरी खात होते.

"पाण्यात नेलीत तेव्हा कोण कोण बसलं होतं?" अण्णांनी विचारलं.

"तो म्हातारा. मी. तुमची नात. आणि हे."

तिकडून खोकला आला.  आईनं डोळे मिटून घेतले.

"जावई," अण्णा म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "जावई पोहायला शिकले का?"

 आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि नुसती मान हलवत होती, जणू ती कोकणात दिसणार होती. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला, पाण्याचा घोट घेतला, मिशी पुसली.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "पाठीवर पडून तरंगताही येते."